गाभोळीसकट छापलेला जिताडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आपल्या रायगडच्या पानावर एका जिताड्याचा फोटो आला होता. दोन तरुण, मधे जबड्यात पकड अडकवून उभा टांगलेला मासा. खाली मजकूर असा की वजन चौदा किलो, गळाला लागला, ओढून काढायला पाऊण तास लागला आणि पोटात दीड किलो गाभोळी, म्हणजे अंडी, निघाली. मजकुरात कौतुकच होतं. त्या पोरांच्या हौसेबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यातल्या एकाच्या हातातलं रीळ मी ओळखतो, माझ्याच टेबलावरून गेलंय ते. माझं म्हणणं आहे ते गाभोळीबद्दल, आणि थोडं त्या पाऊण तासाबद्दल.

रेवदंड्याला माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मागच्या खोलीत मासेमारीची रिळं दुरुस्त करतो. आधी हा रिकामपणचा उद्योग होता. आता पुढच्या दुकानात मुलगा बसतो आणि मी मागेच असतो. शुक्रवारी रात्री मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, टपावर रॉडच्या नळ्या बांधलेल्या, आणि सोमवारी सकाळी त्यातली बरीच रिळं माझ्या टेबलावर. त्यामुळे खाडीत काय लागलं, कोणाला लागलं आणि केवढं लागलं, हे मला मच्छी बाजाराच्या आधी कळतं.

तर जिताड्याचं असं आहे. हा मासा वयात येतो तो नर म्हणून. पहिली काही वर्षं नर म्हणूनच काढतो आणि पुढे ८० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी मादी होतो. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी म्हणून मिरवतो, गोव्यात चोणक म्हणून ताटात येतो, बंगालात भेटकी म्हणून. सगळीकडे त्याची हीच रीत. म्हणजे खाडीत मीटरभर लांबीचा जिताडा दिसला की ती बाई आहे असं खुशाल समजावं. लहानातले नर ढिगाने मिळतील, पण मादी व्हायला मासा तेवढी वर्षं जगावा लागतो, आणि एवढी वर्षं जाळी, गळ, गढूळ पाणी चुकवून जगलेले फार थोडे असतात. अशा एका मादीची अंडी कोटीच्या हिशेबात मोजतात. पावसाच्या आगेमागे ती नदीतून, खाजणातून (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतून) खाली मुखाकडे उतरते, कारण अंड्यांना खारं पाणी लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला अंडी सोडते. ती दिवसभराच्या आत फुटतात, आणि पुढे भरतीबरोबर पिल्लं आत सरकतात, तिवरांच्या मुळांत, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडायच्या दारातून, शेतात.

नेमक्या त्याच दिवसांत आपण मुखाशी रॉड रोवून बसलेलो असतो. मासा तिथे जमतो म्हणूनच लागतो. फोटोतली दीड किलो गाभोळी ही खाडीतले पुढच्या वर्षांचे जिताडे होते, आणि आपण ती वजनासकट छापलीत.

पेणच्या खारेपाटात, आमच्या तालुक्यात शहापूर-धेरंडकडे ज्यांच्या दारात तळं होतं, त्यांना जिताड्याचं पिल्लू कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता. पावसात उघाडीतून भरतीचं पाणी आत आलं की त्याबरोबर तेही यायचं. तळ्यात सोडायचं, बोई-कोळंबी खाऊन ते वाढायचं, आणि लग्नकार्याला किंवा जावई आला की काढायचं. काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा पोचता करायचा, ही थट्टा तर सगळ्या जिल्ह्यात चालते. आता तेच लोक पिल्लू विकत आणतात. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीवर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं प्रजनन हौदात करून दाखवलं, म्हणून आज ते विकत तरी मिळतं. खाडीतलं आपसूक येणारं बी कमी का झालं याला एक कारण नाही. कारखान्यांचं पाणी आहे, फुटून पडलेले बांध आहेत, बारीक आसाची जाळी आहेत, रेतीचा उपसा आहे. या सगळ्यावर आपण वेळोवेळी लिहिता. त्यातलं काही माझ्यासारख्याला उद्या सकाळी थांबवता येणार नाही. पण गळाला लागलेली मादी माझ्या हातात जिवंत असते, आणि तिचं काय करायचं हे त्या क्षणी मीच ठरवतो.

इथे कोणी म्हणेल की डोलीच्या आणि उभ्या जाळ्यात पडणारे जिताडे सोडून हौशी माणसाच्या मागे का लागता. कोळी बांधवांचं पोट त्यावर आहे, आणि जाळ्यात पडलेला मासा बहुतेक वेळा वर येईपर्यंत मेलेला असतो, त्याला सोडून काय उपयोग. हौशी माणसाचं तसं नाही. तो पंचवीस हजारांचा सेट घेऊन, दोन हजारांचं पेट्रोल जाळून, एका रात्रीची खोली करून येतो. त्याला मासा खायचाच असेल तर तळ्यातला मिळतो, ताजा मिळतो, आणि सगळा हिशेब केला तर पुष्कळ स्वस्त पडतो.

माझे वडील मोठे मासे सोडायचे, असलं काही मी सांगणार नाही. त्यांच्याकडे रॉड नव्हता. बांधावर बसून हाताने तंगूस (नायलॉनची दोरी) सोडायचे, गरीला जिवंत कोळंबी, पुढे शिशाची गोळी, आणि गुंडाळायला औषधाची रिकामी बाटली. लागला तो मासा घरी यायचा. त्या वेळी गरवणारे गावात मोजके होते. आज पुलावर शनिवारी रात्री उभं राहायला जागा मिळत नाही.

आता पाऊण तास. कौतुकात हा पाऊण तास घातला की वाचणाऱ्याला वाटतं केवढी झुंज झाली. रीळ दुरुस्त करणाऱ्याला ऐकू येतं ते वेगळं. चौदा किलोचा जिताडा चांगल्या साधनावर दहा मिनिटांच्या आत काठाला यायला हवा. पाऊण तास लागला याचा अर्थ रॉड हलका होता, किंवा ड्रॅग नीट नव्हता, किंवा दोन्ही. आणि पाऊण तास ओढला गेलेला मासा सोडायचा म्हटला तरी वाचण्याची खात्री देता येत नाही. हलक्या रॉडवर मोठा मासा काढण्यात मर्दुमकी आहे असं कोणी तरी या पोरांना शिकवलंय. त्याला एकदा माझ्या टेबलाशी बसवायचं आहे.

रिळाच्या डोक्यावर जी फिरकी असते ती ड्रॅगची. आत फेल्टच्या किंवा कार्बनच्या चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात, मोटारसायकलच्या क्लचप्लेटींसारख्याच. मासा ठरावीक ताकदीपेक्षा जास्त ओढायला लागला की चकत्या घसरतात आणि दोरी तुटण्याऐवजी सुटते. आत मीठ बसलं की हे घसरणं सरळ होत नाही, झटक्याझटक्याने होतं. झटका बसला की दोरी तुटते. एकदा तुटली की गिऱ्हाईक घाबरून ड्रॅग सैल ठेवायला लागतो, आणि मग मासा खेळतच राहतो. दुसऱ्या टोकाचे लोक पक्कड घेऊन फिरकी आवळतात. अशी पक्कडीचे दात उमटलेली रिळं माझ्याकडे येतात, उत्तम जपानी रिळं, आणि ती उघडताना माझा जीव कळवळतो.

माझ्या खोलीत तुळईला स्प्रिंगचा काटा टांगलाय. रीळ जोडून झालं की गिऱ्हाइकासमोर रॉडला लावतो, दोरीचं टोक काट्याला अडकवतो आणि रॉड वाकवून ओढायला सांगतो. तीस पौंडाची ब्रेडेड दोरी असेल तर ड्रॅग साडेतीन-चार किलोवर सुटला पाहिजे, आणि सुटताना काटा एका जागी उभा राहिला पाहिजे. काटा नाचला तर रीळ परत उघडतो. बहुतेकांना साडेतीन किलो म्हणजे हाताला किती, हे पहिल्यांदा तिथे कळतं. त्यांना वाटत असतं आपण दहा किलोने ओढतोय.

दोरीच्या पुढे मीटर-दीड मीटर पन्नास-साठ पौंडाचा जाड तंगूस हवाच. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाच्या कडेने माणसाचं बोट कापतं, तिथे बारीक दोरीचं काय. शिवाय लागल्यावर पहिली धाव तो पुलाच्या खांबाकडे घेतो, आणि खांबाला कालवं चिकटलेली असतात.

आणि खाडीवरून परत आलं की रीळ नळाच्या धारेखाली धरू नका. गाडी धुवायच्या फवाऱ्याने तर धुऊच नका. मीठ बाहेर यायच्या ऐवजी बेअरिंगपर्यंत आत ढकललं जातं. ड्रॅग आवळा, वरून हलक्या हाताने गोडं पाणी सोडा, फडक्याने पुसा, मग ड्रॅग सैल करून सावलीत सुकू द्या. हे छापून आलं तर माझं गिऱ्हाईक कमी होईल, पण असो.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गऱ्या. फोटो नीट बघितला तर त्या माशाच्या तोंडात लूर, म्हणजे भुलवायचा प्लास्टिकचा मासा, अजून आहे. पुढची तिहेरी गरी ओठात आणि मागची कल्ल्यात रुतलेली. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक प्लास्टिकच्या माशांना पोटाखाली अशा दोन, कधी तीन तिहेरी गऱ्या असतात. एक तोंडात बसते, बाकीच्या मासा धडपडताना कुठेही घुसतात, कल्ल्यात, डोळ्यात, आणि काढणाऱ्याच्या तळहातातही. पावसाळ्यात आमच्या आरोग्य केंद्रात गरी काढून घ्यायला येणाऱ्यांची कमी नसते. कल्ल्यातून रक्त यायला लागलं की तो मासा सोडला काय आणि ठेवला काय.

मी तिहेरी गऱ्या काढून एकेरी बसवतो. यात थोडी कारागिरी आहे. नुसती बदलली की लूर बिघडतो. एकेरी गरी हलकी पडते, आणि ओढणं थांबवल्यावर पाण्यात जागच्या जागी थांबायला हवा तो लूर हळूहळू वर यायला लागतो. जिताड्याला वर येणारं भक्ष्य आवडतं असं काहीजण म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. म्हणून खोलीत एक पिंप भरून ठेवलंय, खाडीच्याच पाण्याने. गोड्या पाण्यात तोच लूर बुडतो आणि अंदाज चुकतो. स्प्लिट रिंग, म्हणजे गरी अडकवलेली कडी, चिमट्याने उघडायची, सरळ दांड्याची एकेरी गरी घालायची, पोटाखालच्या गरीचं टोक पुढे आणि शेपटीकडच्या गरीचं टोक वर. पिंपात सोडून बघायचं. तरंगला तर दांड्याला शिशाच्या तारेचे एक-दोन वेढे. पुन्हा पिंपात. आडवा, नाक किंचित खाली, जागच्या जागी थांबला की झालं. मग पक्कडीने टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करायचा. काटा दाबला की मासा सुटतो, असं म्हणणारे आहेत. दोरी ढिली पडू दिली तर सुटतो, हे खरं आहे. ढिली पडू देऊ नका.

जिवंत कोळंबी लावून गरवणाऱ्यांसाठी टोक आत वळलेली गोल गरी मिळते. मासा ती गिळतो, पण दोरी ताणली की सरकत येऊन ओठाच्या कोपऱ्यात बसते. अट एकच, झटका मारायचा नाही, नुसतं गुंडाळत राहायचं. आमच्या वयाच्या माणसांच्या मनगटाला ते जमत नाही, म्हणून ते ही गरी वाईट म्हणतात.

गरवण्याबद्दलही दोन शब्द, नाही तर वाचकांना वाटेल म्हातारा नुसता टेबलाशी बसून उपदेश करतोय. उधाणाच्या दिवसांत खाडीचं पाणी गढूळ असतं आणि ओढ इतकी की लूर टिकत नाही. मला अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी ओढीची भरती-ओहोटी, आवडतो, पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकात. पाणी निवळतं. ओहोटी लागून तासभर झाला की खाजणातलं पाणी उघाडीतून बाहेर पडायला लागतं आणि त्याबरोबर कोळंबी, बोईची पोरं. धार जिथे खाडीच्या पाण्याला मिळते तिथे दोन्ही अंगांना भोवरे पडतात. जिताडा धारेत थांबत नाही, तेवढे कष्ट तो घेत नाही. भोवऱ्याच्या कडेला, धारेकडे तोंड करून, तळाशी उभा राहतो. लूर उघाडीच्या तोंडाशी टाकायचा आणि धारेबरोबर वाहू द्यायचा, दोरी फक्त ताणात ठेवून. भोवऱ्याच्या कडेला आला की मनगटाने दोन हलके झटके आणि मग थांबायचं. हे थांबणं कोणाला जमत नाही. शहरातल्या पोरांना तर मुळीच नाही, हँडल फिरवत राहतात. जिताडा थांबलेल्यावरच येतो. तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो, आणि अंधारात पृष्ठभागाजवळ घेतला तर ‘डब्ब’ असा आवाज बांधावर ऐकू येतो.

मागल्या ऑक्टोबरात पुण्याचा एक कंप्युटरवाला गिऱ्हाईक म्हणाला, दुरुस्ती बरोबर झाली की नाही ते तुम्हीच येऊन बघा. खाडीवरच्या एका पुलाखाली गेलो. कुठला पूल ते लिहीत नाही, पुढच्या शनिवारी जत्रा भरेल. पुलावरच्या दिव्याचा उजेड पाण्यावर पडतो आणि कठड्याची सावली त्याला सरळ रेषेत कापते. कोळंबी उजेडात जमते, जिताडा सावलीत, रेषेपासून हातभर आत. त्याला सांगितलं, उजेडात टाक आणि रेषेवर आणून थांबव. तिसऱ्या की चौथ्या फेकीला घेतलं. मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर आला, डोकं दोन्हीकडे झटकलं, आणि खांबाकडे वळला. रीळ एका सुरात वाजत होतं, हे ऐकून मला मासा दिसल्याहून जास्त बरं वाटलं. मी ओरडलो, रॉड आडवा धर, खांबापासून बाजूला ओढ. त्याने ओढलं. काठाच्या चिखलात मी गुडघाभर उतरून रबरी जाळीचं हातजाळं खाली घातलं आणि मासा पाण्यातच ठेवला.

त्याच्या रॉडवर बायकोच्या नेलपॉलिशने खुणा करून घेतल्या होत्या, बुडापासून ५८, ८० आणि १०० सेंटिमीटरला. मी सगळ्यांनाच सांगतो, टेप शोधत बसायला नको. मासा शंभराच्या खुणेच्या पुढे चार बोटं गेला. टॉर्चच्या उजेडात डोळे लाल चमकत होते. एकेरी गरी जबड्याच्या कोपऱ्यात होती, लांब चोचीच्या पक्कडीने पाण्यातच निघाली. त्याला फोटो हवा होता. एक हात जबड्याशी, दुसरा पोटाखाली, मासा आडवा, आणि पोट आणि उचलणाऱ्याचे गुडघे दोन्ही पाण्याजवळ. एवढा मोठा मासा जबड्याला धरून उभा टांगला की जबड्याचा सांधा आणि मणके त्याच्याच वजनाने ताणले जातात, मग सोडला तरी खाऊ शकत नाही. फोटो काढणाऱ्याने, म्हणजे मी, घाईत काढला आणि त्यात फक्त शेपूट आणि गिऱ्हाइकाचा कान आला. नंतर तो मला बराच वेळ बोलला. मासा पाण्यात ओहोटीच्या ओढीकडे तोंड करून धरून ठेवला, शेपटीच्या मुळाशी सैल पकड. कल्ले आधी नुसते फडफडत होते, मग संथ उघडायला-मिटायला लागले, मग शेपटीने हाताला हिसका दिला आणि गेला. दुपारच्या उन्हात, तापलेल्या साचल्या पाण्यात हे जमत नाही, हेही सांगून ठेवतो. अशा वेळी मोठ्या माशाच्या मागे लागूच नये.

सोडलेला मासा मरतोच, मग खाल्लेला काय वाईट, असं मला पुष्कळजण सांगतात. वाईट रीतीने सोडलेला मरतो. म्हातारा मासा आहे, आज ना उद्या मरणारच, असंही सांगतात. जिताडा वीस वर्षांपलीकडेही जगतो. मीटरभराची मादी म्हातारी नसते, कर्ती बाई असते.

याबाबतीत आपल्या पुढे गेलेले लोक आहेत. अमेरिकेत बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा गळाने पकडण्याचं मोठं वेड आहे. आपल्याकडचे निम्मे लूर आणि मऊ प्लास्टिकच्या अळ्या त्या माशासाठीच जन्मल्या. पहिली अशी अळी १९४९ च्या सुमारास ओहायोतल्या अ‍ॅक्रनला निक क्रीम या गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघरात ओतली. (त्या अळ्यांचे फाटके तुकडे आपली मंडळी खाडीत फेकून देतात. ते कुजत नाहीत. खिशात घालून परत न्यावेत.) अलाबामातल्या रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्याने १९६७ पासून या माशाच्या मोठ्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली. मासे दोरीत ओवून आणायचे, वजन करायचं, फोटो काढायचा, असाच तिकडेही प्रकार होता. १९७२ मध्ये त्याने स्पर्धकांना सांगितलं की मासा मारू नका. होडीत हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाक्या आल्या, मेलेला मासा आणला तर वजनातून कपात सुरू झाली, आणि वजन झालं की मासे परत पाण्यात. हा माणूस काही साधुसंत नव्हता, धंदा करत होता. मासे उरले नाहीत तर स्पर्धा उरणार नाही एवढं त्याला कळत होतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये तर जिताड्याला कायद्यानेच दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे. ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि १२० पेक्षा मोठाही ठेवायचा नाही. वर पिल्लावळीच्या हंगामात बंदी.

आपल्या राज्यानेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली. चांगलं झालं. पापलेटाचं, सुरमईचं पिल्लू त्याने वाचेल. पण किमान लांबीचा नियम सांगतो की लहान सोडा आणि मोठा घ्या. जिताड्याला हा अर्धाच नियम लावला तर नेमक्या माद्या उचलल्या जातील. मत्स्यव्यवसाय विभागाने जिताड्याला वरचीही मर्यादा घालावी, निदान गळाने पकडणाऱ्यांना तरी. पावसाळी बंदीत यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि नेमकी तेव्हाच बांधावर, पुलावर हौशी लोकांची झुंबड उडते, त्यांना कोणी विचारत नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातातल्या काही गोष्टी आहेत. गेल्या वर्षी किनाऱ्यावर एक गरवण्याची स्पर्धा झाली. कोणाची ते सांगत नाही. सर्वांत वजनदार माशाला बक्षीस होतं, तेही काट्यावर आणून ठेवलेल्या. संध्याकाळी बर्फाच्या पेट्यांत पडलेले मोठे जिताडे आणि तांबोशी बघून मी परत फिरलो. बक्षीस लांबीला द्या. खुणा केलेल्या फळीवर मासा आडवा ठेवून फोटो आणि लगेच पाण्यात, याला काही खर्च नाही. पुढाऱ्यांच्या हस्ते मासा काट्यावर टांगला जाणार नाही, एवढीच अडचण.

आणि संपादक महाशय, आपल्याकडेही मागणं आहे. फोटो छापणं बंद करा असं मी म्हणणार नाही. मलाही सकाळी चहाबरोबर मोठा मासा बघायला आवडतो. पण जून ते सप्टेंबरात गाभोळीचा जिताडा आला तर त्याला कौतुकाची जागा देऊ नका. बाकीच्या वेळी वार्ताहराने वजनाऐवजी लांबी विचारावी, आणि मासा सोडला का हेही विचारावं. सोडला असेल तर फोटो मोठा छापा, अगदी शेपूट आणि कान आला असेल तरी. पोरांना नाव पेपरात यायला हवं असतं, ते कशासाठी यावं हे आपण ठरवू शकता.

ज्या पोरांचा फोटो आला त्यांच्यावर कोणी तुटून पडू नये. गावातल्या व्हॉट्सअ‍ॅपवर ते सुरू झालंय म्हणून लिहितो. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दोघांनी, आणि ज्यांना वाटेल त्या कोणीही, आपले तिहेरी गऱ्यांचे लूर दुकानात आणावेत. एकेरी गऱ्यांची किंमत तेवढी द्यावी, बसवण्याचे आणि पिंपात बघून देण्याचे पैसे घेणार नाही. फक्त सोमवारी येऊ नका, सोमवारी रिळांची रांग असते.

नाव छापू नये ही विनंती. गिऱ्हाईकं ओळखतीलच.

आपला,
रिळं दुरुस्त करणारा एक वाचक
रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड